गवत कुठं लावता?

यंत्राजवळ पाणी नेऊ नये, ही शिकवण आपल्याकडे शाळेत जायच्या आधी मिळते. मिक्सरच्या बटणाला ओला हात लागला की घरातल्या दोन-तीन बायका एकदम ओरडतात. पावसाळ्यात मीटरच्या पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली जाते. टीव्हीमागची भिंत ओली दिसली तर आधी टीव्ही हलवतात, गळती कुठनं आहे ते मग सावकाश शोधतात. अशा प्रांतातला एखादा मुलगा जेवता जेवता सांगतो, मी कॉम्प्युटरच्या पोटात पाणी सोडणार आहे, मुद्दाम, पंप लावून. घरातल्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला तर त्यांचं काय चुकलं?

हा मुलगा माझा भाचा. घर लातूरला, कॉलेज नांदेडला विष्णुपुरीत. त्यामुळं आठवडाभर तो माझ्या ताब्यात असतो आणि सुट्टीला आईबापांच्या. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता खड्ड्यांसकट त्याला पाठ आहे. अभ्यासाला जोड म्हणून तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. या धंद्याची गोम अशी की आपल्याकडची लग्नं नेमकी उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये मुहूर्तांची रांग लागते, कॅमेरेवाले आणि ड्रोनवाले गावोगाव हिंडतात आणि त्यांनी गोळा केलेला सगळा माल शेवटी लातूरच्या एका गच्चीवरच्या खोलीत येऊन पडतो. खोलीवर पत्रा. बाहेर बेचाळीस, आत किती ते मोजायला कुणी गेलं नाही. तिथं त्याचा कॉम्प्युटर रात्रंदिवस रेंडर करत बसतो, म्हणजे अक्षता, वाजंत्री, रुसलेला मामा आणि चालू सिनेमातलं गाणं एकत्र शिवून एक अखंड चित्रपट काढतो. या कामात यंत्राचा जीव पणाला लागतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला आपणच चाल मंद करतो. मग पडद्यावर नवरी स्टेजची पहिली पायरी चढते आणि तिथंच थांबते.

दाजींचं, म्हणजे भाच्याच्या वडिलांचं, म्हणणं सोपं होतं. तापतंय तर घटकाभर बंद ठेव. औशाजवळच्या शेतात मोटार तापली की ते हेच करतात. शिवाय पोरगं एडिटिंगच्या नावाखाली गेम खेळतं, असा त्यांचा जुना संशय होता आणि तो अगदीच बिनबुडाचा होता असं मामा म्हणूनही मी म्हणणार नाही.

मला मात्र आमच्या ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला काचेचं दार, आत एसी. चपला बाहेर काढायच्या. मे महिन्यात आम्ही माणसं करकरणाऱ्या पंख्याखाली कपाळ पुसत फायली लिहायचो आणि ते मशीन आत गारव्यात बसलेलं असायचं. गंमत अशी की त्या मशीनला गारव्याची एवढी गरजच नव्हती. ४८६ जातीच्या सुरुवातीच्या चिपा बिनपंख्याच्या चालायच्या आणि त्यांचा विजेचा खप झिरोच्या बल्बापेक्षा कमी असायचा. आता पारडं फिरलं आहे. इंटेलच्या चौदाव्या पिढीतला आय-९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॉट ओढतो. २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक कार्ड एकटं ४५० वॉट खातं. भाच्याचं मशीन इतकं खानदानी नाही, पण प्रोसेसर आणि कार्ड मिळून चारशे वॉटचा तरी धनी. आणि हे चारशेच्या चारशे वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. हिशेबानं पाहिलं तर हे यंत्र म्हणजे एक लहानसा हीटर आहे, लग्नाचा व्हिडिओ हा त्याचा जोडधंदा.

ही सगळी उष्णता तयार होते ती नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीत. तिथून ती उचलायची कुणी, एवढाच प्रश्न. हवा या कामाला तशी आळशी. तेवढ्याच आकारमानाचं पाणी एका अंशाला हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. म्हणून मोठ्या मशिनींना पाणी खेळवायची रीत जुनी आहे. आयबीएमनं १९६०च्या दशकातच आपल्या बड्या कॉम्प्युटरांत पाणी फिरवलं होतं. १९८५चा क्रे-२ तर वीज वाहून न नेणाऱ्या एका द्रवात आख्खा बुडवलेला असायचा. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली परम ब्रह्म हा महासंगणक बसवला, त्यातही द्रव थेट चिपांपर्यंत जाऊन उष्णता उचलून आणतो. घरगुती पातळीवर हा नाद नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिका-युरोपातल्या पोरांनी सुरू केला. भंगारातल्या मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि प्रोसेसरवर बसवायला हातानं कोरलेला तांब्याचा ठोकळा, एवढ्यावर त्यांनी दिवस काढले. आता सगळं तयार मिळतं. म्हणजे मिळतं ते हैदराबादेत, सिकंदराबादच्या सीटीसीत, नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत. आमच्या आजोबांना कचेरीच्या कामासाठी हैदराबादचं तोंड पाहावं लागायचं, भाच्याला रेडिएटरसाठी. मधल्या काळात मराठवाडा मुक्त झाला, एवढाच काय तो फरक.

रेडिएटर आला तो तीन पंख्यांचा, पाऊण हाताच्या वर लांब. कॅबिनेटच्या डोक्यावर जागा दोनच पंख्यांची. नवं कॅबिनेट घ्यायचं तर दाजींकडे पैसे मागावे लागणार, आणि त्यांची मनःस्थिती वर सांगितलीच आहे. तेव्हा आहे तेच कापायचं ठरलं आणि इथं मामाचा उपयोग झाला. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक कूलरचे मिस्त्री आहेत. थंडीतच त्यांच्याकडं पत्रे कापायला सुरुवात होते आणि मार्चमध्ये दुकानाबाहेर निळ्या-पांढऱ्या कूलरांची रांग लागते. भाच्यानं रिकामं कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला आणलं. आतला सगळा जीव, मदरबोर्ड, एसएमपीएस, कार्ड, काढून घरी ठेवला होता. लोखंडाचा एक कीस बोर्डावर राहिला तरी पुढं शॉर्ट होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रींनी कॅबिनेट उलटंसुलटं करून पाहिलं, बोटानं वाजवलं.

"पत्रा पातळ हाय. चोवीस गेज. थरथरंल."

मग त्यांनी जे काम केलं ते बघत राहावं असं होतं. वर्तमानपत्राच्या कागदावर रेडिएटर ठेवून पेन्सिलीनं त्याचा घेर काढला, स्क्रूची भोकं अंगठ्यानं दाबून उठवली आणि तो कागद खळीनं कॅबिनेटच्या डोक्यावर चिकटवला. ग्राइंडर लगेच हातात घेतला नाही. आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलनं भोक पाडलं. म्हणजे कटरची पाती सरळ रेषेत येते आणि कोपऱ्यावरच्या भोकात येऊन थांबते, पुढं पळत नाही. पत्र्याखाली लाकडाची फळी घालून थरथर मारली. ठिणग्या उडाल्या तसा भाचा दोन पावलं मागं आणि मिस्त्री चष्म्याशिवाय तसेच पुढं. कापून झाल्यावर कडेवरनं कानस फिरली, मग पॉलिश पेपर, मग मोटारीच्या दाराला असते तसली रबरी बीडिंग. रंग मात्र त्या दिवशी मारला नाही. "दुपारचा डुको हवेतच वाळतोय, पत्र्यावर नुसती पावडर पडती," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, काळा हात मारला. इंजिनिअरिंग कॉलेजात हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात ते मी विचारणार होतो, पण भाचा तेव्हा मिस्त्रींचा चहा आणायला गेला होता.

रंग वाळेपर्यंत मिस्त्रींनी सगळं सामान मांडून घेतलं. माणूस उगाच काम करणाऱ्यातला नाही, कशासाठी कापलं ते त्यांना कळायला हवं होतं.

"हा पंप?"

"हौ."

"पायपं ह्या. फॅन तीन. टाकी ही एवढीशी. बरं. आन गवत कुठं लावता?"

"गवत नसतंय मिस्त्री यात."

"मग पाणी गार कसं व्हतंय?"

"रेडिएटरमधून हवा जाती. ती गार करती."

"कुठली हवा?"

"खोलीतली."

मिस्त्रींनी वर पत्र्याकडं बघितलं, मग बाहेर रस्त्यावर, जिथं डांबर मऊ झालं होतं. "म्हंजे गरमच की," ते म्हणाले आणि पुढं काही बोलले नाहीत. ज्यानं आयुष्यभर गार हवा विकली त्याला एवढं पुरतं.

भाचा रस्ताभर गप्प होता, कारण मिस्त्रींनी बोट ठेवलं होतं ते बरोबर दुखऱ्या जागी. बंद नळ्यांतून फिरणारं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. चोवीस अंशांच्या खोलीत बसून कुणी हे यंत्र बांधलं असेल तर त्याची ऐट वेगळी. लातूरला मे महिन्यात तेच पाणी बेचाळीसच्या खाली यायचंच नाही, मग रेडिएटर जर्मन असो की चिनी. कूलरचं गणित निराळं. तिथं गवतावरचं पाणी उघड्या हवेत वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. बेचाळीस अंशांची आपल्याकडची कोरडी हवा, दमटपणा वीस टक्के धरला, तर ओल्या गवतातून जाताना कागदावर चोवीस-पंचवीसपर्यंत उतरू शकते. आपला पत्र्याचा कूलर काही कागदावर चालत नाही, पण अठ्ठावीस-तीसला आणून सोडतो. बेचाळीसच्या दुपारी तेही मोठं दान आहे. मुंबईत हाच कूलर लावला तर नुसती ओल धरते, कारण तिथली हवा आधीच प्यालेली. कोरडेपणाचा मराठवाड्याला झालेला हा बहुधा एकमेव फायदा.

आणि हे ज्ञान काही मिस्त्रींच्या पिढीचं नाही. छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशेजारी अठराव्या शतकातली पाणचक्की आहे. डोंगराकडून मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर पाणी आणलं, उंचावरनं पाडलं, त्यावर पीठ दळणारं जातं फिरवलं. पर्यटक जातं बघून परततात. खरी करामत खाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. डोक्यावर पाणी भरलेलं आणि खाली यात्रेकरू पाय पसरून बसलेले, भर उन्हाळ्यात. उष्ण वस्तूला पाणी चिकटवायचं पण पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, हेच तर भाच्याच्या तांब्याच्या ठोकळ्याचं तत्त्व. नळदुर्गला तर त्याहून धाडस. तुळजापूरच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात नदी भरली की नर-मादीचे दोन धबधबे सज्ज्यासमोरून कोसळतात आणि आत उभ्या माणसाचा सदरा कोरडा राहतो. ज्यानं बांधला त्यानं गळतीची चाचणी कशी घेतली असेल, असा प्रश्न भाच्याला पडला. बादशहाला आधी आत बसवला नसणार, हे नक्की.

गळतीवरून आठवलं, तयार सामानातल्या नळ्या आणि जोड महाग. चांगले जोड म्हणजे एकेकाची किंमत जेवणाच्या ताटाएवढी, आणि ते लागतात डझनावारी. त्यामुळं भाचा लातूरच्या गंजगोलाईत हिंडू लागला. या गोल बाजारातून सोळा रस्ते फुटतात आणि आपल्याला हवी ती वस्तू नेहमी सोळाव्या रस्त्यावर असते. ठिबकच्या दुकानात बारा एमएमची लॅटरल, ग्रोमेट, जॉइनर, टेक-ऑफ, एंड कॅप असं घमेलंभर सामान त्यानं उलथंपालथं केलं. दुकानदारानं शेवटी विचारलं, "किती एकराला?" भाचा म्हणाला, "दीड फुटाला." ठिबकची नळी काळी आणि ताठ, इथं वळणं चिमणीच्या घरट्याएवढ्या जागेत, म्हणून तो बेत बारगळला, पण तिथली छोटी क्लिप आणि रबरी वायसर त्यानं घेतलेच. पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात निघाली, मीटरवर.

पाण्याचं मात्र अडलं नाही. बोअरचं पाणी चालणार नाही हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवरचा थर आणि, लोक म्हणतात, माणसाचा मुतखडाही सारख्याच वेगानं वाढतो. तांब्याच्या ठोकळ्यातल्या केसाएवढ्या फटी तर महिन्याभरात क्षारांनी बुजल्या असत्या. लागतं ते डिस्टिल्ड, म्हणजे आपलं बॅटरीचं पाणी. इन्व्हर्टर नसलेलं घर मराठवाड्यात शोधून सापडत नाही, त्यामुळं त्याचा पाच लिटरचा कॅन जिन्याखाली होताच. भारनियमनानं आपलं जे काही कल्याण केलं त्यात याची नोंद करावी. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, हीही एक जमेची बाजू. पण धातूंतून आणि धुळीतून हिंडलं की तेही बिघडतं, तेव्हा त्या भरवशावर बोर्डावर सांडू नये. आणखी एक पथ्य असं की तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदवायचं नाही. नांदवलं तर तांब्याचं काही जात नाही, ॲल्युमिनियम झिजत जातं.

पाणी भरायच्या रात्री घरातलं कुणी झोपलं नाही. मीही लातूरला होतो. पद्धत अशी की बाकी कशालाही वीज द्यायची नाही, एसएमपीएसच्या मोठ्या पिनेतली हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्यानं जोडायची म्हणजे नुसता पंप चालू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरायचा आणि चोवीस तास बघत बसायचं. थेंब पडला तर कागद सांगतो. भाच्याच्या आजीनं, म्हणजे दाजींच्या आईनं, खुर्ची ओढून कॅबिनेटसमोर ठाण मांडलं. पंप सुरू झाला, घुर्र करून थांबला. परत सुरू, परत घुर्र. नळीत बुडबुडे, पाणी जागचं हलेना. भाच्यानं मोबाइलवर धडाधड शोधायला सुरुवात केली. दाजी इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभे होते.

"हवा धरली," ते म्हणाले.

"काय?"

"मोटारीनं हवा धरली. सरक."

मग त्यांनी ते सगळं कॅबिनेट दोन्ही हातांनी उचललं, आधी डावीकडं कलतं केलं, थांबले, मग उजवीकडं, मग जरा पुढं. टाकीचं बूच सैल करायला लावलं. नळीतून एक लांबलचक बुडबुडा सावकाश वर सरकत टाकीत आला, फुटला आणि पंपाचा आवाज एकदम बदलून बारीक झाला. शेतातल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीशी जो माणूस वीस-पंचवीस उन्हाळे भांडला आहे, त्याला हा मुठीएवढा पंप काय शिकवणार? त्या क्षणापासून दाजींचा विरोध संपला. उलट त्यांनी मालकी घेतली. सकाळी शेजारी आले तेव्हा कुठलं पाणी कुठून येऊन कुठं जातं हे दाजी समजावून सांगत होते आणि भाचा टिश्यू पेपर मोजत होता.

आजीचा प्रश्न वेगळाच होता. तिनं बऱ्याच वेळानं विचारला.

"ह्याला रोज किती पाणी लागतंय?"

लातूरमध्ये हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना तर नाहीच. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, कारण टँकर भरायच्या जागी हाणामाऱ्या होऊ लागल्या. ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली आणि १२ च्या पहाटे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. कृष्णेचं पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून. त्या दिवसांत आजीनं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं कढीपत्त्याला असा क्रम लावला होता. पाऊस पडला, गाडी बंद झाली, आजीचा क्रम अजून चालू आहे.

"रोज नाही आजी. एकदाच. लिटरभर. मग वर्षभर तेच फिरतंय."

"बाहेर पडत न्हाई?"

"नाही."

आजीनं मान हलवली. मग खोलीच्या खिडकीतल्या कूलरकडं वळून पाहिलं. "आन ह्याला?"

याचं उत्तर कुणीच दिलं नाही, कारण उन्हाळ्यात त्या कूलरमध्ये बादल्या ओतायचं काम आळीपाळीनं सगळेच करतात. एक लिटर पाणी वाळताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं, हे गणित भाच्यानं करून दाखवलं. म्हणजे त्याच्या मशीनची उष्णता गवतावर वाळवायची म्हटली तर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी गेलं असतं. मिस्त्रींचं गवत खरं गार करतं, पण ते पाणी पितं. भाच्याचा रेडिएटर पाणी पीत नाही, पण गार करताना हात आखडता घेतो. फुकटात गारवा देणारी तिसरी जात अजून बाजारात आली नाही.

चोवीस तास झाले, कागद कोरडे निघाले, मशीन जोडलं. मग सजावट. बाजूचा पत्रा कापून तिथं नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून आणलेली ॲक्रिलिकची खिडकी बसली. आत लाइटच्या पट्ट्या. रिक्षांवर नावं डकवणाऱ्या रेडियमवाल्याकडून चंदेरी वाघ कापून आणला. पाण्यात निळा कूलंट पडला. पोळ्याला बैल रंगवावा तसं ते मशीन घरादारानं मिळून सजवलं. आजीनं वर एक कुंकवाचं बोट लावलं. त्यातला कुठला भाग वेग वाढवतो असं मी विचारलं, तर भाचा म्हणाला, कुठलाच नाही, पण फोटोग्राफर लोकांवर इंप्रेशन पडतं.

आकडे चांगले आले. शंभराला टेकणारा प्रोसेसर भर दुपारी पंचाहत्तरच्या आसपास राहू लागला. नवरी स्टेजवर न अडखळता चढली, सप्तपदी झाली, ताटंसुद्धा वाढली गेली. भाचा खूश. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बहीण वर कपडे वाळत घालायला गेली आणि खोलीत डोकावून म्हणाली, "अरे, ही खोली पहिल्यापरीस जास्तीच तापायली की."

बरोबर होतं. आधी मशीन तापून आपणच हळू व्हायचं, त्यामुळं वीज कमी ओढायचं. आता ते पूर्ण जोरात चालत होतं आणि प्रोसेसरजवळची उष्णता पाणी इमानेइतबारे उचलून, तीन पंख्यांनी फुंकर घालून, खोलीत सोडत होतं. उष्णता नाहीशी करायचं काम पाण्याकडं कधी नव्हतंच, ते फक्त हमाली करतं. भाच्याच्या प्रोसेसरचा ताप आता भाच्याला आला होता. तो बनियनवर बसून एडिटिंग करायचा आणि शेजारी काचेतून निळं पाणी झुळझुळ वाहायचं.

तोडगा दाजींनी काढला. त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं आणि कूलरची झडप वळवून हवेचा झोत सरळ रेडिएटरवर सोडला. समोरची खिडकी उघडी ठेवली म्हणजे गरम हवा पळून जाते. रेडिएटरला बेचाळीसऐवजी तिसाची हवा मिळू लागली आणि आकडा आणखी दहा-बारानं उतरला. म्हणजे शेवटी गवत लागलंच, फक्त कॉम्प्युटरच्या बाहेर. दमट हवेचा झोत रोज यंत्रावर घेऊ नये, असं भाच्यानं कुठंतरी वाचलं होतं, पण लातूरच्या मे महिन्यात दमटपणाची भीती घालणं हा विनोद आहे. आता त्या खोलीत कूलरचं तोंड मशीनकडं आणि माणूस कडेला. काचेचं दार आणि बाहेर काढलेल्या चपला तेवढ्या राहिल्या आहेत.

मिस्त्रींना मी हे सगळं फोटो दाखवून सांगितलं. गवताचं ऐकून त्यांना आनंद झाला असावा, पण तोंडावर दिसू दिला नाही. त्यांचं लक्ष खिडकीकडं होतं. फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"ही काच कुठनं घेतली?"

"काच नाही, ॲक्रिलिक. पाट्यावाल्याकडची."

त्यांनी बाहेरच्या रांगेतल्या एका कूलरवर हात ठेवला. रात्री पाणी संपतं, कुणाला कळत नाही, पंप कोरडा चालून जळतो, आणि सकाळी गिऱ्हाईक पंप हातात घेऊन भांडायला येतं. टाकीला एवढी बोटभर उभी पट्टी पारदर्शक ठेवली तर अंथरुणातून पाणी दिसंल. भाच्याच्या खिडकीचा जो उपयोग त्याला स्वतःला सांगता आला नव्हता तो मिस्त्रींनी उभ्या उभ्या काढला.

"आन लाइट?" मी विचारलं.

"लावू की. नवरदेवाकडच्यांना रुखवतात द्यायला बरं. पैसे वेगळे."

"रंग बदलणारी मिळते. लाल, हिरवी, जांभळी, सगळे रंग."

"न्हाई, निळीच," मिस्त्री म्हणाले. "लाल लावली तर गिऱ्हाईक म्हणंल कूलर गरम हवा टाकायलाय."